एक तार गुन्हा, दुसरी तार अपघात

चंद्रपूर-भंडाऱ्याकडे रानडुकरांपासून धान वाचवायला काही शेतकरी रात्री बांधाच्या कडेने उघडी तार ओढतात आणि तिच्यात वीज सोडतात. डुकराऐवजी कधी वाघच चिकटतो. मग वनखात्याची गाडी येते, पंचनामा होतो, तार मुद्देमाल म्हणून जप्त होते आणि शेतकऱ्यावर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. वाघ मारायचा त्याचा विचारही नव्हता, हे खरं असलं तरी सुटका सोपी नसते. गुन्हा शाबित झाला तर किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात, वर दंड.

जैसलमेरच्या वाळवंटातही तार आहे. उंच खांबांवरची, सगळ्या परवानग्या घेऊन ओढलेली. तिला धडकून माळढोक हा पक्षी मरतो. कायद्यात माळढोक वाघाच्याच पंगतीला बसतो, दोघंही पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतले. इथेही माणसं येतात, पंचनामा होतो. फक्त नोंद सहसा 'अपघाती मृत्यू' अशी होते आणि आरोपीचा रकाना कोरा राहतो.

आपल्याकडे वन्यप्राण्यांसाठी एवढा कडक कायदा असूनही काही जीव संपत का चाललेत, असं लोक विचारतात. उत्तर बरंचसं या दोन तारांत आहे. कायदा मुळात शिकाऱ्याला पकडायला लिहिला गेला, आणि ते काम त्याने चांगलं केलं. पण आता पुष्कळ प्राणी शिकाऱ्याच्या हातून मरतच नाहीत.

आधी कायदा समजून घेऊ. 'वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२' हे त्याचं पूर्ण नाव. त्याआधीही कायदे होते. इंग्रजांनी १९१२ मध्ये एक केला होता, आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५१ चा होता. पण त्या जुन्या कायद्यांचा रोख शिकारीचं वेळापत्रक आखण्यावर होता: कोणत्या महिन्यात बंदी, कोणाला परवाना, काय मारायचं आणि काय नाही. दरम्यान चित्ता गेला. आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात १९४७ मध्ये तिथल्या महाराजांनी शेवटचे तीन टिपले, असं मानलं जातं. १९५२ मध्ये सरकारने चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

१९७२ मध्ये केंद्राला एक अडचण होती. वन्यप्राणी हा तेव्हा राज्यांच्या यादीतला विषय होता, दिल्लीला त्यावर थेट कायदा करता येत नव्हता. मग घटनेच्या कलम २५२ ची वाट काढली गेली. दोन किंवा अधिक राज्यांनी 'आमच्यासाठी तुम्ही कायदा करा' असा ठराव केला, तर संसद तो करू शकते. अकरा राज्यांनी ठराव केले आणि कायदा आला, बाकीची राज्यं नंतर त्यात आली. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हातात आला. वन्यजीवांचं रक्षण हे राज्याचं धोरण आणि नागरिकाचं कर्तव्य ठरलं तेही याच दुरुस्तीने.

कायद्याचा मसुदा लिहिण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते सनदी अधिकारी म्हणजे एम. के. रणजितसिंह, गुजरातमधल्या वांकानेरच्या राजघराण्यातले. हे नाव लक्षात ठेवा, सत्तेचाळीस वर्षांनी ते परत येणार आहे.

कायद्याचा कणा म्हणजे कलम ९: शिकारीला बंदी. आणि 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपण समजतो त्याहून फार मोठी आहे. बंदूक लागत नाही. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे-सापळे लावणं, यातलं काही करण्याचा नुसता प्रयत्न करणं, सगळी शिकारच. पक्ष्याचं किंवा सरपटणाऱ्या प्राण्याचं अंडं उचललं, घरटं विस्कटलं तरी शिकार. आणि कातडं, नखं, खवले तुमच्याकडे सापडले, तर ते बेकायदा नाहीत हे तुम्ही सिद्ध करायचं. एरवी फौजदारीत गुन्हा सिद्ध करणं सरकारचं काम असतं. इथे ओझं उलट्या खांद्यावर आहे. आजोबांच्या काळातलं वाघनख देव्हाऱ्यात ठेवणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. पिंजऱ्यात 'विठू विठू' म्हणणारा आपला देशी पोपट पाळणंही बेकायदा आहे, हे तर अजून निम्म्या वाड्यांना ठाऊक नसावं.

कोणत्या प्राण्याला किती संरक्षण, हे अनुसूची ठरवते. पूर्वी सहा अनुसूची होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने त्या चार केल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. पहिलीत सर्वांत कडक संरक्षणाचे प्राणी, दुसरीत त्याखालचे, तिसरीत वनस्पती आणि चौथीत परदेशी व्यापाराच्या करारातल्या जाती. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर वर सांगितलेली तीन ते सात वर्षं, आणि दंड आता किमान २५ हजार रुपये.

एक गोंधळ बातम्यांत हमखास होतो. 'आययूसीएन' या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची 'लाल यादी' आणि आपली अनुसूची एक नव्हे. लाल यादी म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. आजार किती बळावलाय ते ती सांगते, औषध देत नाही. त्या यादीत नाव गेलं म्हणून कोणालाही अटक होत नाही. अनुसूची हा कायदा आहे. त्यामुळे दोन्हींत फरक असू शकतो. मोराला लाल यादी 'चिंता नको' म्हणते, आपल्या कायद्यात मात्र तो पहिल्या अनुसूचीत आहे. राष्ट्रीय पक्षी आहे ना. (त्या मानासाठी माळढोकचंही नाव चर्चेत होतं, पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली त्याच्या बाजूने होते. 'बस्टर्ड' या इंग्रजी नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तर शिवी होते म्हणून तो मागे पडला, असं सांगतात. १९६३ मध्ये मोर निवडला गेला. खरं-खोटं सरकार जाणे.)

तिसरी गोष्ट 'सायटीस', म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार. १९७३ चा, भारत त्यात १९७६ पासून. तो सीमेवरच्या नाक्यासारखा आहे. खवले मांजराचे खवले देशाबाहेर गेले की तो आडवा येतो, पण खवले मांजराचं बीळ जेसीबीखाली गेलं तर त्याचा काही संबंध नाही.

'मग माणसाने मरायचं का?' हा प्रश्न जुन्नरच्या उसातून रात्री पाणी धरायला जाणाऱ्याने विचारला तर तो रास्त आहे. कायद्यात त्याचं उत्तर आहे. अंगावर आलेल्या प्राण्याला स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, खऱ्या हेतूने मारलं तर तो गुन्हा नाही. अट एवढीच की त्या वेळी तुम्ही स्वतः हा कायदा मोडत नसावात. मेलेला प्राणी मात्र सरकारचा. आणि एखादा प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं लिहून त्याला मारायचा आदेश देऊ शकतो, पण आधी तो पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, हलवता येत नाही, अशी खात्री करून. माणसं मारल्याचा ठपका असलेल्या यवतमाळच्या 'अवनी' वाघिणीचं प्रकरण याच कलमाभोवती फिरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, यावर पुढे बराच काळ वाद चालला. मृतांच्या घरचे आणि वाघप्रेमी दोघंही एकाच कलमाच्या दोन ओळी दाखवत होते.

इथपर्यंतचा कायदा मला चोख वाटतो. आरोपी माणूस असला, त्याच्या हातात काही असलं, की तो चालतो. आता जिथे तो अडखळतो तिकडे जाऊ.

गिधाडांपासून सुरुवात करू. १९९० च्या दशकात आपली गिधाडं अक्षरशः झाडावरून गळून पडायला लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरमध्ये ही घसरण नोंदवली. काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. कोणी त्यांची शिकार करत नव्हतं. कारण २००४ मध्ये समोर आलं, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. गुरांना वेदनाशामक म्हणून देतात ते डायक्लोफिनॅक. ते टोचलेली गाय मेली, गिधाडांनी ती खाल्ली, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आता वन्यजीव कायद्याने पकडायचं कोणाला? औषध देणाऱ्या डॉक्टरला, गाय वाचवू बघणाऱ्या शेतकऱ्याला, की मेलेली गाय माळावर टाकणाऱ्याला? प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं होतं.

गिधाडांच्या मदतीला आली ती औषधनियंत्रणाची यंत्रणा. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग पळवाट निघाली: माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जायला लागल्या. २०१५ मध्ये मोठ्या कुप्या बंद करून एका मात्रेपुरती कुपी ठेवली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही त्याच पठडीतली औषधं जनावरांसाठी बंद झाली. पुस्तक उघडून शोधाल तर यातली एक ओळही वन्यजीव कायद्यात सापडणार नाही.

माळढोकचं दुखणं याहून अवघड आहे, कारण तिथे बंद करायला एखादी कुपी नाही. तिथे प्रश्न जमिनीचा आहे.

हा पक्षी मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. घरटं बांधत नाही. उघड्या माळावर साधारण एकच अंडं घालतो. म्हणजे एक कुत्रं, एक ट्रॅक्टर, आणि वर्ष वाया. १९६९ च्या अंदाजात देशात बाराशेच्या वर माळढोक होते, आज दीडशेच्या आसपास. त्यातले बहुतेक राजस्थानात.

सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला माळढोक आहेत हे १९७० च्या दशकात लोकांसमोर आलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या अनेक तालुक्यांवर नकाशात एक भलीमोठी रेघ मारली गेली. आत शेतं, गावं, बाजारपेठा, सगळं. एवढी जमीन वनखात्याची नव्हतीच, बहुतेक खासगी. हेतू चांगला असेल. पण पक्ष्याच्या नावाने आपल्या जमिनीच्या व्यवहारावर बंधनं आली म्हटल्यावर, ज्याच्या बांधावर तो अंडं घालणार तोच शेतकरी त्याच्यावर खट्टू झाला. अभयारण्याची सीमा बदलणं सोपं नसतं, त्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. प्रकरण न्यायालयात रेंगाळलं आणि २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तेवढ्या तीस-बत्तीस वर्षांत उजनीचं पाणी आलं, ऊस आला, द्राक्षबागा आल्या. माळ नांगरला गेला. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० मध्ये काळवीटांसाठी अभयारण्य झालं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. सरकारच्या ताब्यातला छोटा तुकडा, खरंच राखलेला. तिथे काळवीट वाढले. काळवीट आणि माळढोक यांच्या गरजा सारख्या नाहीत, त्यामुळे तुलना ताणू नये. तरी रेघेच्या आतल्या चौरस किलोमीटरच्या आकड्याला मी तेव्हापासून फारसा भुलत नाही.

गवताळ माळाचं आणखी एक दुर्दैव म्हणजे त्याचं सरकारी नाव. कागदावर तो 'पडीक'. जंगल तोडायचं तर वनसंवर्धन कायदा आडवा येतो, पडीक जमिनीवर काहीही करा. ते राहू द्या, चांगल्या मनाने झाडं लावली तरी माळ मरतो. नान्नजच्या माळावरही एके काळी ग्लिरिसिडिया लावला गेला होता. माळढोकला लांबवर नजर टाकता येईल असा मोकळा माळ लागतो. झाडीत तो राहत नाही. कुसळी गवताच्या माळाला 'इथे काहीच नाही' म्हणणारे फक्त तहसीलदार नव्हते, वनखातंही त्यात होतं.

राजस्थानातला माळ तसा 'पडीक'च. ऊन भरपूर, वारा भरपूर, जमीन स्वस्त. तिथे सौर आणि पवन प्रकल्प उभे राहिले आणि ती वीज वाहून न्यायला उच्चदाब वाहिन्यांचं जाळं. माळढोकचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला कमी दिसतं. त्यातून उडताना तो नजर खाली जमिनीकडे ठेवतो. तार दिसेपर्यंत इतक्या जड अंगाने वळणं जमत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात अभ्यास करून अंदाज बांधला की वर्षाला सुमारे अठरा माळढोक तारांवर मरत असावेत. एकूण दीडशे, त्यातले अठरा, आणि वर्षाला अंडं एक. हिशोब तुम्हीच करा.

२०१९ मध्ये हे घेऊन सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? तेच रणजितसिंह. ज्या कायद्याचा मसुदा आपण लिहिला त्यात या तारेसाठी कलम सापडत नाही, म्हणून वयाच्या ऐंशीत थेट घटनेचं दार ठोठावावं लागलं, असंच मला ते दिसतं.

१९ एप्रिल २०२१ ला आदेश आला. सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकच्या मुख्य आणि संभाव्य क्षेत्रांतल्या तारा, शक्य असेल तिथे, जमिनीखाली न्या. तोवर तारांवर चकत्या लावा, म्हणजे पक्ष्याला तार दिसेल. सगळं मिळून सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरचा प्रश्न. सरकारने सांगितलं, हे होणार नाही. इतक्या उच्च दाबाच्या तारा एवढ्या लांब जमिनीखालून नेणं तांत्रिकदृष्ट्या अवघड, खर्च अफाट, आणि कोळसा कमी करायचं जे वचन जगाला दिलंय ते मोडेल.

२१ मार्च २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली: कुठली तार खाली जाऊ शकते, कुठली नाही, ते तिने पाहावं. याच निकालात न्यायालयाने म्हटलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून निघतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी ही मोठी गोष्ट. माळढोकच्या खटल्यातून माणसाला नवा हक्क मिळाला आणि माळढोकला समिती, असं मी मित्रांना सांगतो. पण हे थोडं अन्यायाचं आहे, मान्य. न्यायालयापुढे सौरऊर्जा विरुद्ध पक्षी अशी खरी ओढाताण होती. दोन चांगल्या गोष्टींत निवड करायची वेळ आली की कायद्याचं पुस्तक फार मदत करत नाही.

निवड आधीच करून ठेवणारा कायदा असतो का? अमेरिकेचा १९७३ चा असा होता. सरकारी यंत्रणेच्या कुठल्याही कामाने धोक्यातल्या जातीचं अस्तित्व संकटात येता कामा नये, एवढं त्यात स्पष्ट लिहिलेलं. टेनेसी राज्यात टेलिको धरण जवळजवळ बांधून झालं होतं आणि नदीत बोटाएवढा एक मासा सापडला, स्नेल डार्टर. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने धरण थांबवलं. पैसा किती गेला हे बघायचं नाही, कायदा असं म्हणतो, म्हणून. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने त्या धरणाला सूट दिली आणि पाणी अडलं. मासा इतरत्र नेऊन सोडला होता, तो तगला आणि २०२२ मध्ये धोक्याच्या यादीतून बाहेरही पडला.

आपल्या कायद्यात अभयारण्याच्या सीमेबाहेर प्राण्याला संरक्षण आहे, त्याच्या घराला फारसं नाही. वाघाला २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांची स्वतंत्र चौकट तरी मिळाली. माळावरच्या लांडग्याला, तणमोराला, माळढोकला तशी नाही. नागरिकाच्या हातात एक साधन आहे: सरकारला साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही थेट न्यायालयात या कायद्याखाली तक्रार करू शकतो. पण कोणीतरी गुन्हा केला, असं तक्रारीत म्हणावं लागतं.

दरम्यान जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे माळढोकची कृत्रिम पैदास चालू आहे. २०१९ मध्ये पहिल्यांदा माळावरची अंडी उचलून यंत्रात उबवली गेली. अंडं उचलणं म्हणजे कायद्याच्या भाषेत शिकार, त्यामुळे पक्षी वाचवायलाही आधी शिकारीची लेखी परवानगी घ्यावी लागली. आता तिथे साठच्या वर पक्षी आहेत. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. पुढचं पाऊल त्यांना मोकळ्या माळावर सोडण्याचं, आणि सोडायची जागा ठरवताना गवताच्या आधी उच्चदाब वाहिन्यांचा नकाशा उघडावा लागतो.